दोन बादल्या, दर तिसऱ्या दिवशी

९ फेब्रुवारी

निवृत्त होऊन आज पाच महिने झाले. डेपोतून निरोपाच्या दिवशी दोन वस्तू मिळाल्या, भिंतीवरचं घड्याळ आणि ही वही. एकतीस वर्षं बसची वेळापत्रकं आखणाऱ्या माणसाला घड्याळ काय द्यायचं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. वही कोरीच पडली होती. आज लिहायला कारण घडलं, आणि ते हिने घडवलं.

सकाळी दारात वृक्ष विभागाची बाई. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात कागद लावलेली फळी. "झाड क्रमांक चारशे सतरा. पालक तुम्हीच ना?"

मी म्हटलं, इथे कोणी झाड मागवलेलं नाही. तेवढ्यात ही हात पुसत बाहेर आली. "मीच अर्ज भरलाय, यांच्या नावाने."

बाई गेल्यावर मी विचारलं, मला न विचारता? ही म्हणाली, "अहो, तुम्हाला दिवसभर घरात बघून माझं डोकं उठतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर टाकलेत तुम्ही." नंबर टाकले हे खरं आहे. सोय व्हावी म्हणून टाकले. तेरा नंबरच्या डब्यात साखर, हे कळायला कोणाचं काय जातं?

झाड कुठे लावणार ते नंतर कागदावर वाचलं. आमच्याच इमारतीखाली, चष्म्याच्या दुकानाच्या दारासमोर. म्हणजे जुन्या शिरीषाच्या जागी. जेवण गेलं नाही. हिला म्हटलं, ऊन लागलं असेल.

११ फेब्रुवारी

झाड आलं. नीलमोहर. माझ्या छातीएवढा, बोटाएवढं खोड, वर चारपाच पिसांसारखी पानं. दोन कामगारांनी खड्डा भरला, दोन्ही बाजूंना काठ्या रोवल्या आणि पत्र्याचा बिल्ला बांधला, ४१७. बूटवालीने मला सूचनांचा कागद दिला. "दोन बादल्या, दर तिसऱ्या दिवशी. जास्त नाही, कमी नाही. तीस एप्रिलला तपासणी. झाड जगलेलं नसेल तर खड्डा बुजवून तिथे गाड्या लावायची जागा करणार आहेत. रस्तेवाले टपून बसलेत."

मी म्हटलं, बाई, मी एकतीस वर्षांत एक बस चुकू दिली नाही.

"बस बोलावली की येते," ती म्हणाली. "झाडाचं तसं नसतं."

आमचं हे बोलणं चालू होतं तेव्हा चष्मेवाला दुकानाच्या दारात उभा होता. आमच्या वयाचाच, एकटा, मागच्या खोलीत राहतो. मी बघितलं तसा तो आत गेला.

१२ फेब्रुवारी

वहीत खोटं लिहायचं असेल तर वही कशाला? म्हणून लिहून टाकतो.

जुना शिरीष माझ्यामुळे गेला. चार वर्षांपूर्वी माझी पहाटेची पाळी होती, साडेतीनला घरून निघायचो आणि दुपारी झोपायचो. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायच्या. दुपारभर. वर पानांनी गच्चीची मोरी तुंबायची. एके दिवशी डोकं फिरलं आणि मी अर्ज लिहिला. मुळं इमारतीच्या पायापर्यंत गेली आहेत, धोका आहे, असं ठोकून दिलं. मुळं कुठे गेली आहेत हे मला काय माहीत? दोन महिन्यांनी करवत आली.

शिरीष आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकायचा. हिची खुर्ची तिथे असायची, भाजी निवडायला, फोनवर बोलायला, नुसतं बसायला. त्या दिवशी ही खिडकीत उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. मी म्हटलं, सरकारी काम, आपल्या हातात काय आहे. दुसऱ्या दिवशी हिने खुर्ची ओढत पुढच्या खोलीत आणली. "ऊन येतं तिथे," एवढंच म्हणाली.

आमच्या तेहतीस वर्षांच्या संसारात मी हिच्याशी बोललेलं हे एकमेव सणसणीत खोटं. बाकीची किरकोळ आहेत.

चष्मेवाल्याला मात्र ठाऊक आहे. करवत चालू असताना तो दारात उभा होता. त्याने वर माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तेव्हापासून त्याने माझ्या नजरेला नजर दिलेली नाही. शिरीषाखाली त्याचं बाकडं असायचं, गिऱ्हाइकं तिथे सावलीत बसायची. त्याला राग येणारच. कचेरीतल्या कोणीतरी माझं नाव फोडलं असणार. म्हणून गेली चार वर्षं मी चष्मा करायला दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातो. ही विचारते, घराखाली दुकान असताना एवढी पायपीट कशाला? मी सांगतो, तिथल्या काचा चांगल्या.

१४ फेब्रुवारी

पहिलं पाणी. वेळ सायंकाळी ६.४०, ऊन उतरल्यावर. दोन बादल्या, चव्वेचाळीस पायऱ्या, दोन खेपा. भिंतीवर तक्ता लावला, पाणी दिलं की खूण. ही तक्ता बघून म्हणाली, "झाडाला थांबे किती?"

हसू दे. बरं वाटलं मला.

२० फेब्रुवारी

तिसरं पाणी. खालच्या जिन्यात भेटणारे लोक आता मला झाडाबद्दल विचारतात. पाच महिन्यांत कोणी मला काही विचारलं नव्हतं.

सकाळी खाली उतरलो तर झाडाभोवती फरशी ओली. चष्मेवाला दुकान धुतो आणि पाणी बाहेर ढकलतो. शिस्त म्हणून नाही.

२५ फेब्रुवारी

बूटवाली फेरीवर होती. पान उलटून पाहिलं, काठीची दोरी सैल केली. "वाऱ्याने थोडं हललं पाहिजे, खोड धरतं," म्हणाली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की इथलं जुनं झाड कशामुळे काढलं असेल?

"अर्ज आले असतील. एका अर्जावर आम्ही फांदीसुद्धा छाटत नाही. वेगवेगळ्या दोन घरांतून तरी आले पाहिजेत."

नियम पुस्तकात असतात. अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारा डेपोत कोणी नव्हता. माझा एकच अर्ज दोघांच्या बरोबरीचा धरला असेल. हा विचार करून कॉलर ताठ झाली आणि लगेच लाजही वाटली.

२ मार्च

नवीन पान फुटतंय. इवल्याशा मिटलेल्या पिसासारखं. हिला खाली बोलावून दाखवलं. तिने बोट न लावता बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "शिरीष लावला कोणी असेल हो पहिल्यांदा? त्यालाही कोणी असंच पाणी घातलं असेल ना."

मी म्हटलं, असेल. बादल्या उचलल्या आणि वर आलो. पाणी द्यायचा दिवस नव्हता, बादल्या रिकाम्याच होत्या.

१० मार्च

खालची दोन पानं पिवळी. मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात आहे, नोकरीत आहे, झाडातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण आमच्या घरात काही झालं की तिला फोन करायचा अशी पद्धत आहे. "बाबा, तापमापक लावलात का झाडाला?" म्हणाली. मग म्हणाली, उन्हाळा लागतोय, तहानलं असेल.

पटलं. उद्यापासून एकाड एक दिवस.

१४ मार्च

आता चार पानं पिवळी. हात लावला की पानाचे बारके तुकडे झडतात. रोज पाणी सुरू केलं. ही म्हणाली, "कागदावर तिसऱ्या दिवशी लिहिलंय." मी म्हटलं, कागद कचेरीत बसून लिहितात, झाड रस्त्यावर असतं. डेपोत हेच वाक्य ड्रायव्हर मला माझ्या वेळापत्रकाबद्दल ऐकवायचे. तेव्हा मी त्यांना गप्प करायचो.

१८ मार्च

नवीन पानही गेलं. माती काळी पडली आहे आणि तिला तुंबलेल्या मोरीसारखा वास येतो. रोज सकाळी फरशी ओली. आज वाकून पाहिलं, पाणी दुकानाकडून वाहत आलेलं नाही. ओल झाडाच्या बुंध्याशीच आहे, गोल.

दुकान धुतल्याचं पाणी असं गोल पडत नाही. कोणीतरी मुद्दाम काहीतरी ओततं.

कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. काचा साफ करायचं औषध त्याच्याकडे बाटल्यांनी असतं. शिरीष गेल्यापासून त्याची पाटी थेट चौकातून वाचता येते, मी स्वतः चौकात उभं राहून वाचली आहे. नवीन झाड वाढलं तर पाटी परत झाकली जाणार. वर माझ्यावरचा राग. एका दगडात दोन पक्षी मारतोय.

हिला सांगितलं. हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तेराव्या डब्यात मीठ भरलं आहे. "तो माणूस? तो माशीलाही हळू हाकलतो."

माणसं ओळखण्यात ही नेहमी कमी पडते.

२१ मार्च

झाडावर दोनच पानं. तपासणीला चाळीस दिवस. माझ्या हातून एक झाड गेलं, आता दुसरंही जाणार आणि खड्ड्यावर डांबर पडणार. मग त्या जागेवर परत कधीच काही उगवणार नाही, गाड्या उभ्या राहतील. मला हे सहन होणार नाही. गंमत म्हणून हातात घेतलेलं काम नाही हे आता. हिला मी काय तोंड दाखवू?

उद्या पहाटे पकडतो त्याला.

२२ मार्च

पकडला.

सव्वापाचला जिन्यात दबा धरून बसलो. साडेपाचला दुकानाचं दार उघडलं. चष्मेवाला बाहेर आला, हातात बादली. आजूबाजूला पाहिलं, चोरासारखं. झाडाजवळ गुडघे टेकून बसला आणि हळूहळू ओतू लागला.

मी धावलो, म्हणजे माझ्या गुडघ्यांनी जमेल तेवढा. बादली हिसकावली. "काय घालताय झाडाला?"

तो इतका दचकला की मागे बसलाच. मी बादलीत नाक घातलं. वास नाही. बोट बुडवून जिभेला लावलं.

"पाणी आहे," तो म्हणाला. चार वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"पाणी कशाला?"

"झाडाला दुसरं काय घालतात?"

मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, लावल्यापासून. दोन बादल्या, दर तिसऱ्या दिवशी. बूटवाली बाई मला सांगत होती तेव्हा त्याने दारात उभं राहून ऐकलं होतं. पिवळं पडायला लागलं म्हणून गेल्या पंधरवड्यात रोज.

"अहो, पण मी घालतोय ना संध्याकाळी."

"तुम्ही?" त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मी सात वाजेपर्यंत आत काचा घासत असतो, मशीन चालू असतं. मला वाटलं, तुम्ही नुसता बिल्ला लावून घेतलात आणि विसरलात."

आम्ही दोघं झाडाकडे बघत बसलो. बसखात्यातली ही सगळ्यात मोठी चूक. एकाच वेळी, एकाच मार्गावर दोन गाड्या सोडल्या आणि दोन्ही ड्रायव्हरांना वाटतंय की आपणच एकटे. माझ्या कारकिर्दीत असं एकदाही झालं नाही. निवृत्त झाल्यावर झालं.

एक मात्र मी विचारलं नाही. तो पहाटे लपून का घालतो? बिल्ला माझ्या नावाचा म्हणून बिचकत असेल.

२३ मार्च

बूटवालीला बोलावलं. तिने अख्खं बोट मातीत खुपसलं, बाहेर काढून हुंगलं आणि आम्हा दोघांकडे बघून बूट आपटला.

"बुडवलंत तुम्ही त्याला. मुळांना श्वास नको का? फरशीखाली चिकणमाती, पाणी जायला वाट नाही. दोघांनी मिळून महिनाभर डबकं केलंत."

चष्मेवाला म्हणाला, "जगेल का?"

"जगलं तर तुमच्यामुळे नाही, तुम्ही हात आवरलात तर. आजपासून एक थेंब नाही. मी सांगेपर्यंत दोघांनी लांब राहायचं."

तिने माती उकरून मोकळी केली, कडेला चर काढून खडी भरली. जाताना मला म्हणाली, "वेळापत्रक पाळणाऱ्या माणसाला हेच सगळ्यात कठीण जाईल." बाई बरोबर बोलली. मला राग आला.

२७ मार्च

काही करायचं नाही, हे काम मला जमत नाही. ६.४० वाजले की हात बादलीकडे जातो. आज नुसताच खाली गेलो. चष्मेवालाही बाहेर आला होता. त्याने जुनं बाकडं आतून काढलं, भिंतीला लावलं. दोघं बसलो.

"तुम्ही घातलं नाही ना सकाळी?" मी.

"नाही. तुम्ही?"

"नाही."

बघण्यासारखं काही नव्हतं. तरी अर्धा तास बसलो.

२ एप्रिल

रोज सकाळी साडेपाचला तो, रोज संध्याकाळी मी, असं पूर्वी होतं. आता दोन्ही वेळा दोघंही. एकमेकांवर पहारा. ही वरून विचारते, "झाड सांभाळताय की चष्मेवाल्याला?" चहा तीन कप करून खाली पाठवते. नाही, खाली घेऊन येते आणि स्वतःही बसते. बाकडं तिघांना पुरतं.

आज शेवटचं पान गळलं. खोड म्हणजे नुसती काठी. आधाराच्या दोन काठ्या आणि मधे ही तिसरी. लांबून बघणाऱ्याला कळणार नाही यांतलं झाड कोणतं.

चष्मेवाल्याने नखाने खोडाची साल किंचित खरवडली. खाली हिरवं होतं. "आहे अजून," तो म्हणाला. हिने डोळे पुसले. मी काहीतरी वर राहिलं असं सांगून वर आलो.

हिला सांगायला हवं. चार वर्षं छातीवर धोंडा घेऊन हिंडतोय. पण काठीला पान फुटेपर्यंत थांबतो. हातात काहीतरी घेऊन जाता येईल.

९ एप्रिल

बूटवालीने अर्धी बादली द्यायची परवानगी दिली. अर्ध्या बादलीवरून आमचा वाद झाला. शेवटी कडी त्याने धरली, तळ मी.

चष्मेवाला स्वभावाने बरा आहे. कमी बोलतो. आज म्हणाला, शिरीष गेल्यापासून पाटी दिसायला लागली, पण गिऱ्हाइकाला थांबायला सावली राहिली नाही. दोन मिनिटं वाट बघायची झाली तरी लोक निघून जातात. हे सांगताना तो स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मला टोमणा मारत असणार. मी ऐकून घेतलं. माझ्या कर्माचं मला ऐकायला नको का?

१६ एप्रिल

तपासणीला चौदा दिवस. अजून काही नाही.

१९ एप्रिल

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी मला खोडाच्या टोकाशी हिरवा ठिपका दिसला. मी जिन्यातून हिला हाका मारल्या, चष्मेवाल्याला हात धरून आणलं. त्याने वाकून पाहिलं.

"तो किडा आहे," तो म्हणाला. ठिपका चालायला लागला. "साहेब, चष्मा कुठे करता तुम्ही?"

मी नाव सांगितलं. त्याने माझ्या नाकावरून चष्मा काढला, उजेडात धरला आणि मला आत नेऊन तपासणीच्या खुर्चीत बसवलं. नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली, जिच्यात काचा घालतात आणि काढतात. समोर अक्षरांचा तक्ता. खोलीत अंधार. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसता हात यायचा आणि काच बदलायचा.

"वाचा."

मी पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी दिसेना. आणि का कोण जाणे, तिसऱ्या ओळीच्या जागी मी बोलून गेलो, "शिरीष माझ्या अर्जामुळे गेला. तुम्हाला माहीतच आहे. पण मी तोंडाने सांगितलं नव्हतं."

हात हवेत थांबला. मला वाटलं, आता उठवून बाहेर काढणार.

"तुमचा अर्ज होता?" तो म्हणाला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, माझ्या अर्जामुळे गेला."

मी वळून पाहायला गेलो तर चौकट नाकावरून घसरली. त्याने ती परत बसवली. मग एकेक शब्द मोजत सांगितलं. शिरीषाच्या फांद्यांनी पाटी झाकायची. धंदा बसला होता. त्यानेही कोणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि सही केली. करवत सुरू झाली तेव्हा त्याने वर पाहिलं, तर खिडकीत मी आणि शेजारी माझी बायको. "तुमच्या बाई त्या झाडाशी बोलायच्या. मला खाली ऐकू यायचं. त्या दिवशी मला वर बघवेना. नंतर कधीच बघवलं नाही."

चार वर्षं मला वाटत होतं की हा माणूस माझ्यावर डूख धरून आहे. तो मान खाली घालून होता ती स्वतःच्या शरमेने.

एका अर्जावर आम्ही फांदीसुद्धा छाटत नाही. बूटवालीने सांगितलं होतं आणि मी स्वतःच्या अक्षरावर खूश झालो होतो. दोघांनी गुपचूप तोडलं, दोघांनी गुपचूप बुडवलं. एकमेकांना विचारलं असतं तर शिरीष उभा असता, नुसत्या दोन फांद्या छाटून भागलं असतं.

"आता?" त्याने नवी काच घातली.

तक्ता लख्ख झाला. शेवटच्या ओळीपर्यंत. त्याने दार उघडलं, उजेड आत आला. "बाहेर बघा."

मी खुर्चीतूनच पाहिलं. खोडाच्या मध्यावर, आम्ही दोघं टोकाकडे बघत बसलो होतो म्हणून सुटलेला, तांबूस हिरवा कोंब. चालत नव्हता. मी त्याला विचारलं, तुम्हाला दिसतोय का? त्याने स्वतःचा चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि म्हणाला, "हो."

२० एप्रिल

हिला सांगितलं.

ही कपड्यांच्या घड्या करत होती. मी कोंबापासून सुरुवात केली, मग फांद्या, पाटी, चष्मेवाल्याचा अर्ज आणि शेवटी माझा. सगळं एका दमात. हिने उशीच्या अभ्र्याची घडी पुरी केली.

"तुमच्या अर्जाची नक्कल विजेच्या बिलांच्या फाइलमध्ये आहे," ही म्हणाली. "तारखेनुसार लावलेली. करवत आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सापडली मला."

"चार वर्षं? बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलता ते बघत होते."

"आणि मी बोललोच नसतो तर?"

"म्हणून तर तुमच्या नावाने झाड मागवलं." मग घड्यांच्या ढिगावर हात ठेवून म्हणाली, "राग होता मला. अजून आहे थोडा. तो राहू दे. तुम्हाला त्याचंही वेळापत्रक लावायचं नाही."

मी बरं म्हटलं. हिने अर्धे कपडे माझ्याकडे सरकवले. मला अभ्र्याची घडी जमत नाही, तरी केली.

३० एप्रिल

तपासणी. बूटवालीबरोबर रस्ते खात्याचा माणूस होता, हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर घाई. बूटवालीने बोटाने कोंब मोजले. सात. "जिवंत," ती म्हणाली आणि फळीवर खूण केली. रस्तेवाल्याने मोजपट्टी गुंडाळली.

फॉर्मवर पालकाचं नाव लिहायला एकच ओळ. माझं नाव आधी छापलेलं होतं. मी त्याच्यापुढे चष्मेवाल्याचं लिहिलं, तो नको नको म्हणत असताना. नवा चष्मा होता म्हणून बारीक अक्षरात मावलं.

भिंतीवरचा जुना तक्ता काढला. नवीन केला, दुकानाच्या काचेवर आतून चिकटवला. एक पाणी त्याच्याकडे, पुढचं माझ्याकडे, आणि कोणीही आधी बोट मातीत घातल्याशिवाय बादली भरायची नाही. हिने खाली पेनने एक ओळ लिहिली, बोट ओलं निघालं तर नुसतं बसून यावं.

२ मे

आज पाण्याचा दिवस नव्हता. दुपारी झोपून उठलो तर पुढच्या खोलीत हिची खुर्ची नाही. स्वयंपाकघरात गेलो. खुर्ची खिडकीपाशी, जुन्या जागी, आणि ही त्यात बसून शेंगा सोलत होती.

मी खिडकीतून खाली वाकून पाहिलं. नीलमोहर तळमजल्याच्या दाराच्याही निम्म्यात आहे. त्या खुर्चीत बसून तो दिसत नाही, मी स्वतः बसून खात्री केली. मग हिशेब केला आणि हिला सांगितलं, की वर्षाला एवढी वाढ धरली तर इथून शेंडा दिसायला सहा वर्षं लागतील. चांगली गेली तर पाच.

"बसते की मी," ही म्हणाली.

मी स्टूल ओढून शेजारी बसलो आणि थोड्या शेंगा घेतल्या. ऊन बरंच येतं तिथे.